बटणाने लॉजिक गेटला चालना देणे : व्होल्टेज-पातळीचे दोषशोधन

पुश बटण दाबल्यावर आणि सोडल्यावर लॉजिक गेटच्या (‘1’-‘0’ इनपुटवरून आउटपुट ठरवणाऱ्या परिपथाच्या) इनपुटवरील व्होल्टेज ‘1’ किंवा ‘0’ म्हणून निःसंदिग्धपणे ओळखले जाईल इतके वर वा खाली जाते की नाही, हे तपासून परिपथातील बिघाड शोधण्याची ही पद्धत आहे. बटण स्वतः कोणतीच पातळी निर्माण करत नाही. ते दोन बिंदू जोडते किंवा तोडते, एवढेच. ते सुटलेले असताना इनपुटवर काय असावे हे रोधक ठरवतो, आणि हा रोधकच नसणे किंवा चुकीच्या मूल्याचा असणे हे अशा परिपथांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ असते.

5 व्होल्टवर चालणाऱ्या टीटीएल (बायपोलर ट्रान्झिस्टरांच्या, उदा. 74एलएस मालिकेतल्या) गेटसाठी 0.8 व्होल्टपर्यंतचे इनपुट ‘0’ आणि 2 व्होल्टच्या वरचे ‘1’ धरले जाते. मधल्या पट्ट्यात गेट काय करील याची हमी उत्पादक देत नाहीत. 74एचसी या सीमॉस (मॉसफेट ट्रान्झिस्टरांच्या) मालिकेत या मर्यादा पुरवठ्याच्या सुमारे 30 आणि 70 टक्के, म्हणजे 5 व्होल्टला अंदाजे 1.5 आणि 3.5 व्होल्ट असतात. त्यामुळे 3.3 व्होल्टचा जो संकेत 74एलएस गेटला सहज पुरतो, तो 74एचसी गेटला टेबलावर चालताना दिसला तरी भरवशाचा नसतो; अशा ठिकाणी टीटीएलच्या पातळ्या मानणारी 74एचसीटी मालिका वापरावी.

अधांतरी सोडलेले टीटीएल इनपुट सहसा ‘1’ असल्यासारखे वागते, मात्र मल्टिमीटरवर तेथे दीड व्होल्टच्या आसपासच वाचन मिळते. सीमॉसचे अधांतरी इनपुट अधिक फसवे असते, कारण नुसता हात जवळ नेला तरी आउटपुट बदलू शकते. शिवाय डिजिटल मल्टिमीटरचा सुमारे 10 मेगाओहमचा अंतर्गत रोध इनपुटला ग्राउंडकडे ओढतो, आणि मग प्रोब टेकवलेला असेपर्यंत परिपथ बिनतक्रार चालतो व प्रोब उचलताच पुन्हा बिघडतो. हे लक्षण दिसले की रोधक लावायचाच राहिला आहे असे खुशाल समजावे.

टीटीएलमध्ये रोधक कोणत्या बाजूला आहे यालाही महत्त्व असते. 74एलएस इनपुट ‘0’ वर ठेवण्यासाठी त्यातून बाहेर येणारा जास्तीत जास्त 0.4 मिलिअँपिअर प्रवाह ग्राउंडकडे वाहून न्यावा लागतो, 0.8 व्होल्टच्या मर्यादेत हे साधायचे तर पुल-डाउन (इनपुट ग्राउंडकडे ओढणारा) रोधक 2 किलोओहमहून मोठा चालत नाही. सवयीने लावलेला 10 किलोओहमचा पुल-डाउन येथे इनपुटला अनिश्चित पट्ट्यात लटकवून ठेवतो. मूळ 7400 मालिकेत हाच प्रवाह 1.6 मिलिअँपिअरपर्यंत असल्याने मर्यादा 500 ओहमवर येते. उलट ‘1’ साठी 74एलएसला 20 मायक्रोअँपिअर पुरतात, म्हणून 10 किलोओहमच्या पुल-अपवर (इनपुट पुरवठ्याकडे ओढणाऱ्या रोधकावर) केवळ 0.2 व्होल्ट पडतात. बटण ग्राउंडकडे आणि पुल-अप पुरवठ्याकडे ही रचना टीटीएलमध्ये रूढ झाली ती यामुळेच. त्यात बटण दाबल्यावर ‘0’ मिळतो; ते गैरसोयीचे वाटल्यास पुढे एक इन्व्हर्टर (‘0’ चा ‘1’ आणि ‘1’ चा ‘0’ करणारे गेट) जोडता येतो. सीमॉसचा इनपुट-प्रवाह नगण्य असल्यामुळे तेथे 10 किलोओहम दोन्ही बाजूंना चालतो.

मोजमाप ब्रेडबोर्डच्या छिद्रात न करता थेट आयसीच्या पायावर, बटणाच्या दोन्ही स्थितींत करावे. तत्पूर्वी पुरवठा आणि ग्राउंड त्याच आयसीच्या पायांवर तपासावेत. दोन्ही स्थितींत वाचन सारखेच आले, तर चार पायांचे छोटे बटण 90 अंशांनी फिरवून बसवलेले असण्याची शक्यता मोठी असते, कारण त्याचे पाय जोडी-जोडीने आतून कायमचे जोडलेले असतात. दाबल्यावर शून्याऐवजी 1.7 व्होल्टच्या आसपास वाचन आले, तर कोणीतरी बटणाच्या मार्गातच लाल एलईडी घातलेला असतो.

दोन्ही पातळ्या बरोबर असूनही एका दाबाला काउंटर तीन-चार अंक पुढे जात असेल, तर दोष पातळीचा नसून संपर्काच्या उसळीचा, म्हणजे दाबताना बटणाचे संपर्क क्षणभर वारंवार जुळण्या-तुटण्याचा असतो. ती काही मिलिसेकंदांत संपत असल्याने मल्टिमीटरवर दिसत नाही, ऑसिलोस्कोपवर दिसते. ती दाबण्यासाठी लावलेली 10 किलोओहम रोधक आणि 0.1 मायक्रोफॅरड धारित्र (कपॅसिटर) यांची जोडी सुमारे 1 मिलिसेकंदाचा कालस्थिरांक (व्होल्टेज बदलायला लागणाऱ्या वेळेचे माप) देते. बटण अधिक उसळत असेल तर धारित्र वाढवावे. मात्र असा संथ चढणारा संकेत साध्या गेटला दिल्यास उंबरठ्याजवळ आउटपुट थरथरते, म्हणून मध्ये 74एचसी14 सारखा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर (चढत्या आणि उतरत्या संकेतासाठी वेगवेगळे उंबरठे असलेला) घालावा लागतो.