दांडा व मूठ (शेतीची हत्यारे)

कुऱ्हाड, टिकास, फावडे, विळा, खुरपे इत्यादी हत्यारांचा हातात धरण्याचा लाकडी भाग. लांब असल्यास त्यास दांडा व आखूड असल्यास मूठ म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत पाते लोहाराकडून किंवा आठवडी बाजारातून येते. दांडा मात्र पुष्कळदा धरणाऱ्याच्या हाताच्या मापाने गावातच तासला जातो.

दांड्यासाठी धावडा, तिवस व बाभूळ ही लाकडे वापरतात. धावड्याचे लाकूड कठीण असूनही लवचिक असल्याने घावाचा हादरा सोसते. दाराच्या चौकटीला उत्तम ठरणारा साग या बाबतीत त्याची बरोबरी करू शकत नाही. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीत सलग धावाव्या लागतात. त्या आडव्या तुटल्या असतील, तर दांडा तेथेच मोडतो. ओल्या लाकडाचा दांडा वाळताना आकसतो व नेढ्यात (दांडा बसवण्याच्या पात्यातील भोकात) हलू लागतो. अशी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्यास लाकूड फुगून तेवढ्यापुरते घट्ट बसते, परंतु पुन्हा वाळल्यावर ते अधिकच सैल होते. कोरडी पाचर ठोकणे हाच त्यावर खरा इलाज होय. (‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण झाडाच्या बाजूने केलेली तक्रार आहे, सैल दांड्याची कुऱ्हाड तोडणाऱ्याच्याही जिवावर उठते.)

जाडीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मूठ वळली असता मधल्या बोटांची टोके अंगठ्याच्या मुळाशी जेमतेम टेकावीत, ही सोपी कसोटी आहे. गोल्फच्या काठीची पकड निवडतानाही जवळजवळ हेच पाहतात. दांडा जाड असल्यास बोटे पुरती वळत नाहीत आणि कोपराखालचे स्नायू लवकर थकतात. बारीक असल्यास तो हातात फिरतो व आवळून धरावा लागतो. कुऱ्हाडीचा दांडा लंबगोल ठेवतात, त्यामुळे धार कोणत्या दिशेला आहे हे न पाहताही हाताला कळते. निंदणाचे काम मुख्यतः बायांकडे असूनही बाजारातील तयार खुरप्यांच्या मुठी सरसकट एकाच मापाच्या असतात, हा दोष अजून दूर झालेला नाही.

तासलेला दांडा फुटक्या काचेच्या धारेने खरवडून गुळगुळीत करतात व त्यास जवसाचे तेल चोळतात. ते लाकडात मुरून सुकते आणि पकड टिकते. व्हार्निशचा चकचकीत थर मात्र घामाने निसरडा होतो व तळहाताला फोड आणतो. बारीक मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करण्याची रीतही आहे, परंतु उन्हात रबराखाली घाम साचत असल्याने ती दिवसभराच्या कामास सोयीची नसते.