मोट, धाव आणि ट्रान्झिस्टर

सोलापूरकडे मोटा बंद पडून पिढ्या लोटल्या, पण एखाद्या जुन्या विहिरीच्या काठी दगडी थारोळं आणि मोट ओढताना बैल जिच्यावरून चालत ती उतरती धाव अजून दिसते. मोट केवढी असावी याला हिशेब असे. फार मोठी केली तर बैल धावेच्या मध्यावरच अडायचे. फार लहान केली तर धाव सहज संपायची, पण बैलांचं बळ अंगातच राहायचं आणि पाटाला पाणी कमी पडायचं. धावेची लांबी आणि बैलांचं बळ, दोन्ही पुरेपूर वापरते ती मोट बरोबर.

रेडिओ प्रक्षेपकातल्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला किती ओहमचा भार जोडावा, हा प्रश्न मला तंतोतंत असाच वाटतो. इथे व्होल्टेज ही धाव आणि प्रवाह हे बळ. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर, चोक (पुरवठ्याचा स्थिर प्रवाह जाऊ देणारी पण लहर अडवणारी कॉइल) वापरला तर, लहरीला १२ व्होल्ट वर आणि १२ व्होल्ट खाली एवढंच अंतर मिळतं. ओहम जास्त म्हणजे मोट हलकी, कमी म्हणजे जड.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळाल्यावर मी ७ मेगाहर्ट्झसाठी ५ वॅटचा प्रक्षेपक बनवला आणि त्याला ५० ओहमचा डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा रोध) थेट लावला. मीटर दीड वॅटच्या अलीकडेच थांबला. दोन दिवस मी ट्रान्झिस्टर बदलत राहिलो. ट्रान्झिस्टर चांगलाच होता. व्होल्टेजचा वर्ग भागिले भाराची दुप्पट हे सूत्र मांडलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता: १४४ भागिले १००, म्हणजे १.४४ वॅट. धाव संपली होती, बळ शिल्लक होतं. ५ वॅट हवे असतील तर १४४ भागिले १०, म्हणजे १४.४ ओहमचा भार हवा. तेव्हा प्रवाहाचं शिखर ०.८३ अँपिअर येतं. तेवढीच ज्याची ताकद, त्या ट्रान्झिस्टरला ५ ओहम दिले तर तो अर्ध्या धावेपर्यंतही पोचत नाही आणि हाती येतात जेमतेम पावणेदोन वॅट.

कॉलेजात शिकवलेला नियम इथे आड येतो. उगमाचा अंतर्गत रोध आणि भार समान असले की सर्वाधिक शक्ती मिळते, हा भौतिकशास्त्रज्ञ याकोबीचा १८४० च्या सुमाराचा सिद्धांत. तो खरा आहे, पण उगमाच्या व्होल्टेजला आणि प्रवाहाला मर्यादा नाही असं तो धरून चालतो. अँटेनाकडून येणारा क्षीण संदेश वाढवताना तो उपयोगी पडतो. पॉवर अँप्लिफायर मात्र दोन्ही मर्यादांना टेकूनच काम करतो. ट्रान्झिस्टरचा अंतर्गत रोध बहुधा बराच मोठा असतो. त्याच्याशी जुळवायला गेलं की धाव लगेच संपते. हा फरक विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

पण अँटेना आणि केबल तर ५० ओहमची. मग मध्ये एक कॉइल आणि एक कपॅसिटर घालायचा. ७.१ मेगाहर्ट्झला १४.४ चे ५० करायला ट्रान्झिस्टरकडून एकसरीत सुमारे ०.५ मायक्रोहेन्री आणि ५० ओहमच्या बाजूला जमिनीकडे सुमारे ७०० पिकोफॅरड लागतात. टी५०-२ या लाल कडीवर तांब्याच्या तारेचे दहा वेढे घेतले, ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर डागला. मीटर साडेचार वॅटच्या पुढे गेला, तो क्षण मी विसरलेलो नाही. (अँटेना जोडण्याआधी हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नकोशा लहरी, गाळणारा फिल्टर वेगळा लागतोच.)

गिगाहर्ट्झमध्ये ट्रान्झिस्टरची स्वतःची धारिता आणि पायांचं इंडक्टन्सही हिशेबात येतं. तिथे भार हळूहळू बदलत प्रत्येक ठिकाणी शक्ती मोजतात; याला लोड-पुल म्हणतात. समान शक्तीच्या रेषा स्मिथ चार्टवर (भार दाखवण्याच्या गोल आलेखावर) वर्तुळाकार न येता बदामासारख्या टोकदार का येतात, हे अभियंते स्टीव्ह क्रिप्स यांनी १९८३ मध्ये दाखवलं. बदामाची एक बाजू व्होल्टेजच्या मर्यादेची, दुसरी प्रवाहाच्या.

शिवाय एकच भार सदासर्वकाळ योग्य नसतो. संदेश क्षीण झाला की तोच भार जड पडतो, धाव अर्धवट राहते आणि न वापरलेली शक्ती उष्णता होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, हीटसिंकला हात लावून हे कळतं. बेल लॅब्जच्या विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्ये दोन अँप्लिफायरांची जोडी मांडली: संदेश वाढला की दुसरा जागा होतो आणि पहिल्याला दिसणारा भार बदलतो. जणू धावेवर बैल असतानाच मोटेचं माप बदलावं. आजच्या मोबाइल टॉवरांतल्या कितीतरी अँप्लिफायरांत हीच जोडी काम करते.