गाडीच्या मागच्या फळीवरून: जॅझमधल्या ट्रॉम्बोनची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये रात्रीच्या नाचाची जाहिरात दिवसा घोडागाडीतून व्हायची. अख्खा बँड गाडीत चढून गल्लोगल्ली वाजवत फिरे. ट्रॉम्बोन म्हणजे लांब सरकत्या नळीचं, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. ते वाजवणारा मात्र मागची फळी पाडून तिच्यापाशी, तोंड रस्त्याकडे करून बसायचा. आत बसला असता तर त्याची सरकती नळी पुढच्याच्या पाठीतच बसली असती! 'टेलगेट' हे शैलीचं नाव त्या फळीवरूनच पडलं, असं सांगतात.

या शैलीचा मोठा वादक किड ओरी. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य) धून वाजवणार, क्लॅरिनेट तिच्यावर नक्षी काढणार आणि ट्रॉम्बोन खालून आधार देत मधल्या मोकळ्या जागांत घसरत जाणार, अशी वाटणी होती. 1925 पासून लुई आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह' या बँडच्या रेकॉर्डवर ओरी ऐकू येतो.

या वाद्याची सगळी गंमत आणि सगळी अडचण त्या नळीत आहे. तिच्यावर सात जागा धरायच्या, पण खूण एकाही जागेला नाही. कान आणि मनगटाची सवय एवढाच भरवसा. नळी सरकताना फुंक चालू राहिली की आपोआप मींड येते. कष्ट पडतात ते सुटे सूर काढायला, कारण दर वेळी जिभेने फुंक तोडावी लागते.

ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या 'ट्रिकी सॅम' नँटनने तर तुंबलेलं बेसिन मोकळं करायच्या पंपाची रबरी वाटी वाद्याच्या तोंडाशी उघडझाप करत ट्रॉम्बोनला जवळजवळ बोलतं केलं. माझ्या मते जॅझमधला सगळ्यात माणसासारखा आवाज तोच. पुढे टॉमी डॉर्सी, ग्लेन मिलर हे ट्रॉम्बोनवाले स्वतःच बँडचे मालक झाले.

1940 नंतर बीबॉप ही जॅझची वेगवान शैली आली आणि वेग असा वाढला, की सॅक्सोफोनची बोटं पळायची तिथे ट्रॉम्बोनवाल्याला अख्खा हात पळवावा लागे. इंडियानापोलिसच्या जे. जे. जॉन्सनने घसरणं जवळपास टाकून दिलं आणि एकेक सूर सुटा, गोल काढला. तो इतका सफाईदार होता, की ऐकणाऱ्यांना वाटे हा कळा दाबून वाजवायचा ट्रॉम्बोन असणार. तरी पोट भरेना. 1952 मध्ये त्याने कारखान्यात आराखडे तपासायची नोकरी धरली. ती सुटली 1954 मध्ये, डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या काय विंडिंगबरोबर चक्क दोन ट्रॉम्बोनचा बँड काढल्यावर.