खोडाच्या घेरावरून वय? जरा थांबा

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर एखादा अवाढव्य वड दिसला की कोणीतरी म्हणतंच, "पाचशे वर्षांचा असेल बघा!" पुरावा काय, तर चार माणसांच्या कवेत न मावणारं खोड. जाड म्हणजे जुनं, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो चुकीचा आहे.

वड मुळातच झपाट्याने वाढतो. शिवाय त्याच्या पारंब्या जमिनीत रुजतात, जाड होतात आणि मूळ खोडाला चिकटून एकजीव होतात. आपण मोजतो तो घेर कित्येकदा असा जोडलेला असतो. बरं, वडाच्या लाकडात वर्षागणिक स्पष्ट वलयंही सापडत नाहीत. सागाला सापडतात, म्हणून सागाचं वय मोजता येतं.

आता उलटं उदाहरण. कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समध्ये 'मेथुसेला' नावाचं ब्रिसलकोन पाइन आहे. वय 4,800 वर्षांहून जास्त, पण दिसायला खुरटलेलं, वाकडंतिकडं. थंडी, कोरडी हवा, निकस जमीन यांमुळे ते अगदी हळू वाढतं. त्यातूनच लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं होतं. कीड, बुरशी सहसा शिरत नाही. सालीचा बराच भाग मेला तरी एक जिवंत पट्टी उरलेलं झाड जगवते. हालअपेष्टाच त्याच्या पथ्यावर पडल्या म्हणायच्या!

आणि हो, महाराष्ट्रात 2021 च्या कायदा दुरुस्तीनुसार 'हेरिटेज वृक्ष' ठरायला पाचशे नव्हे, 50 वर्षं पुरतात.