उन्हं, सावल्या आणि प्रतिबिंबं : छोट्या गावातली फोटोग्राफी

रोजच्याच गल्लीत, घाटावर, एसटी स्टँडवर, घरच्या ओसरीत ऊन कुठून येतं, किती वाजता येतं, कशावर पडतं, त्याची सावली कुठं सरकते आणि पाण्यात, काचेत, पत्र्यावर काय उमटतं यावर लक्ष ठेवायची सवय आणि त्या सवयीतून निघालेले फोटो, असा या फोटोग्राफीचा साधा अर्थ. यात विषय मोठा लागत नाही. टेकवून ठेवलेली सायकल, दोरीवरची साडी, चहाच्या टपरीचं टेबल एवढं पुरतं, कारण बघायचं असतं ते त्यावर पडलेलं ऊन. तीच सायकल दुपारी बारा वाजता नुसती सायकल असते आणि संध्याकाळी साडेपाचला तिच्या चाकाच्या तारा भिंतभर पसरलेल्या असतात.

उदाहरणं सातारा जिल्ह्यातल्या वाईची घेतलीयेत. नदी, घाट, काळ्या दगडाची देवळं, जुने वाडे, आठवडी बाजार आणि पश्चिमेला डोंगर असं सगळं इथं पायी फिरता येईल एवढ्या अंतरात सापडतं. पण कृष्णेऐवजी गोदावरी धरा नाहीतर गावाबाहेरचा पाझर तलाव, बाकी बरंचसं तेच लागू पडतं.

छोट्या गावाचा खरा फायदा म्हणजे आपण त्याच भिंतीवरून रोज जातो. बाहेरून आलेला माणूस घाटावर एकदाच येतो आणि त्या दिवशी जे ऊन मिळेल ते घेऊन जातो, इथं राहणाऱ्याला मात्र माहीत असतं की या बोळात ऊन फक्त थंडीत आणि तेही पंधरा-वीस मिनिटंच उतरतं. ही माहिती कुठल्याही ॲपमध्ये नसते, ती जाऊन-येऊनच गोळा होते आणि माझ्या मते चांगला फोटो आणि नुसता बरा फोटो यातला फरक बहुतेक वेळा इथंच पडतो, कॅमेऱ्यात नाही.

शब्द आधीपासून आहेत

झुंजुमुंजु, फटफटणं, कोवळं ऊन, टळटळीत दुपार, उन्हं कलली, तिरीप, कातरवेळ, तिन्हीसांजा, दिवेलागण. फोटोग्राफीच्या पुस्तकात प्रकाशाचे जे प्रकार समजावून सांगतात ते आजीच्या बोलण्यात आधीच होते. कोवळं ऊन म्हणजे सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरातून आलेलं ऊन, निळा भाग वाटेतच विखुरलेला, म्हणून पिवळसर आणि सौम्य. तिरीप म्हणजे दाराच्या फटीतून, दोन घरांच्या मधून आलेला तिरका पट्टा. आणि कवडसा तर सगळ्यात भारी, कारण कवडसा हा चक्क सूर्याचा फोटो असतो.

कसा ते बघा. पत्र्याला खिळ्याचं भोक असतं, भोक वाकडंतिकडं असलं तरी खाली जमिनीवर पडणारी चकती गोलच दिसते (ऊन तिरकं असेल तर लांबट), कारण ते भोक पिनहोल कॅमेऱ्याचं (लेन्सऐवजी नुसतं बारीक भोक असलेल्या कॅमेऱ्याचं) काम करतं आणि चकती ही सूर्याची प्रतिमा असते. पत्रा दहा फूट उंच असला आणि सूर्य डोक्यावर असला तर चकती साधारण इंचभराची. पिंपळाखाली, आंब्याखाली जे गोल गोल ठिपके पडतात तेही हेच, पानांमधली फट कुठल्याही आकाराची असो. २६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण झालं, महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसलं आणि त्या सकाळी झाडाखालचे सगळे ठिपके कोरीसारखे झाले होते, हजारो कोरी एकाच वेळी अंगणात. ज्यांना कवडशाकडे बघायची सवय होती त्यांनी वर न बघताच ग्रहण टिपलं.

घड्याळ आणि पंचांग

गोल्डन अवर (सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेडाचा तास) हा शब्द थंड देशांतून आलाय आणि तो आपल्याकडे फसवतो. वाई साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, इथं सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, त्यामुळे सहा अंश उंचीपासून क्षितिजापर्यंत यायला त्याला पंचवीस-तीस मिनिटंच लागतात. म्हणजे अवर नाहीच, अर्धा तास. त्यात वाईच्या पश्चिमेला पाचगणीचा डोंगर, सूर्य पंचांगातल्या वेळेआधीच त्याच्या मागं जातो आणि गावातलं थेट ऊन संपतं, आकाश मात्र उजळच राहतं. घाटावर सूर्यास्ताची वेळ बघून पोचलेला माणूस म्हणूनच हात हलवत परत जातो. नंतरचा संधिप्रकाशही आपल्याकडे लवकर आटोपतो. पायऱ्या, पाणी आणि आकाश सगळं एकाच निळ्या रंगात येतं ते थोडा वेळच, म्हणून जागा आधीच ठरवलेली असावी लागते.

वर्षभरात सूर्य उगवायची जागाही सरकते. डिसेंबर ते जून या काळात ती आपल्या अक्षांशावर जवळपास ५० अंशांनी हलते. म्हणून थंडीत एका गल्लीत सकाळचं ऊन सरळ आत घुसतं आणि मेमध्ये त्याच गल्लीत त्याच वेळी सावली. मधल्या दुपारचंही तसंच आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य भर दुपारीही ४८-४९ अंशांवरच असतो, म्हणजे साडेपाच फूट माणसाची सावली भर दुपारी पावणेपाच फुटांच्या आसपास. वाईत मेच्या ११-१२ तारखेला आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला तो बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाखालीच गडप होते, हा शून्य सावली दिवस. मुंबईत मेमधला तो दिवस वाईच्या थोडा नंतर येतो. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे एरवी भर दुपारी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींवर थेट ऊन पडतं आणि दगडातलं, लाकडातलं कोरीव काम अगदी तिरक्या, खरवडणाऱ्या उन्हात उठून दिसतं. जून-जुलैत ढग असतात, तेव्हा हातात मिळतात ते मेचे शेवटचे दोन-तीन आठवडेच, आणि त्या उकाड्यात दुपारी बारा वाजता कॅमेरा घेऊन कोणी बाहेर पडत नाही म्हणून हे फोटो फार कमी दिसतात. जरूर काढावेत.

असं बघणं आपल्याकडे नवीन नाहीच. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९-१०-११ आणि पुढं ३१ जानेवारी, १-२ फेब्रुवारी अशा तारखांना मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि आधी पायांवर, मग कमरेवर, मग चेहऱ्यावर चढतात, त्याला किरणोत्सव म्हणतात. ढग किंवा हवेतला दमटपणा आडवा आला की किरणं मधेच अडतात. एका ठरावीक जागी उन्हाची वाट बघत शेकडो माणसं उभी राहतात, हेच या फोटोग्राफीचंही मूळ आहे.

सावली

सावलीची धार सगळीकडे सारखी नसते ही पहिली गोष्ट बघायला शिकायची. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे वस्तू सावलीपासून जितकी लांब तितकी सावलीची कड पसरट. वस्तूच्या जाडीच्या साधारण १०८ पट अंतरानंतर तिची गडद सावली संपूनच जाते. बोटभर जाड दोरी भिंतीला चिकटून असेल तर काळी रेघ, वीस फूट वरून जाणारी विजेची तार असेल तर जमिनीवर फक्त फिकट ओरखडा. घार खाली उतरली की कौलांवर तिचा आकार स्पष्ट पळतो आणि वर गेली की विरतो. हे एकदा लक्षात आलं की फोटोत कुठली सावली धारदार हवी आणि त्यासाठी वस्तू भिंतीच्या किती जवळ हवी हे आपोआप कळायला लागतं.

दुसरी गोष्ट रंगाची. मोकळ्या जागेतली सावली काळी नसते, निळसर असते, कारण तिथं सूर्य पोचत नसला तरी आकाश पोचतं. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर हे लगेच दिसतं. आणि समोर रंगीत काही असलं तर सावली तोही रंग घेते. वाईकडे हळद भरपूर होते, शिजवून अंगणात वाळत घातली की वाकून काम करणाऱ्या बाईच्या हनुवटीखाली, जिथं एरवी अंधार असतो, तिथं खालून पिवळा उजेड येतो. तसंच लाल मातीच्या अंगणात, हिरव्या नेटच्या मांडवाखाली. मांडवातले लग्नाचे फोटो हिरवट येतात त्याचं कारण हेच, कॅमेरा बिघडलेला नसतो.

वाईच्या गणपती घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशाच्या आकाराची निमुळती केलीय. ज्यानं ती बांधली त्याच्या डोक्यात पाणी होतं, पण तीच धार ऊनही दुभंगते, सूर्य एका अंगाला असला की दुसरं अंग सावलीत आणि मधे सरळ उभी रेघ. समोरून सगळेच काढतात, मागून काढून बघा.

प्रतिबिंब

पाण्याचं गणित थोडं वेगळं असतं. वरून सरळ खाली बघितलं तर पाणी पडलेल्या उजेडातला दोन टक्के वगैरेच परत पाठवतं, म्हणून तळातले खडे दिसतात. अगदी आडव्या नजरेनं, पाण्याच्या पातळीला डोळा नेऊन बघितलं तर निम्म्याहून जास्त. म्हणून रस्त्यातल्या डबक्याचा फोटो उभ्यानं काढला तर चिखल येतो आणि मोबाईल उलटा करून लेन्स पाण्याला जवळजवळ टेकवली तर त्याच वीतभर डबक्यात अख्खं देऊळ मावतं. (माणसं थांबून विचारतात, काय हरवलं का म्हणून. हरवलं नाही म्हणून सांगायचं आणि त्यांनाही स्क्रीनवर दाखवायचं, पुढच्या पावसात तीच माणसं डबकी दाखवतात.)

प्रतिबिंब ही वस्तूची उलटी नक्कल नसते. पाण्यात आपण ती वस्तू जणू पाण्याखालून बघत असतो, त्यामुळे कमानीची खालची बाजू, पुलाचं पोट, वळचणीखालचे वासे, जे काठावरून दिसत नाही ते पाण्यात दिसतं, आणि पुढच्या पायऱ्या मागच्याला जास्त झाकतात. लाटा आल्या की प्रतिबिंब उभं ताणलं जातं, म्हणून घाटावरच्या एका दिव्याचा पाण्यात लांब खांब होतो. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवला तर पानं, शेवाळ स्पष्ट आणि देऊळ धूसर, देऊळ हवं असेल तर फोकस देवळाच्या अंतरावर, म्हणजे आपल्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर अधिक तिथून देवळापर्यंतचं. बरेच जण इथं चुकतात.

नदीच पाहिजे असं नाही. वाईजवळच्या धोमच्या नृसिंह मंदिराच्या आवारातला नंदी कासवाच्या पाठीवर आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, पाणी भरलं की कासव तरंगल्यासारखं वाटतं. तिथं बांधणाऱ्यानंच प्रतिबिंबाचा विचार केलेला दिसतो. बाजारात स्टीलची भांडी, सलूनमधले समोरासमोरचे आरसे, टू-व्हीलरचा आरसा, ज्वेलरच्या दुकानाची काच, एवढ्यावर वर्ष निघेल. काचेत बाहेरचं प्रतिबिंब दिसावं यासाठी आतला भाग बाहेरच्यापेक्षा अंधारा लागतो, म्हणून दुपारी दुकानाच्या काचेत रस्ता दिसतो आणि दिवेलागणीनंतर दुकान. मधली काही मिनिटं दोन्ही दिसतात, तीच खरी वेळ. अमेरिकेत फोटोग्राफर ली फ्रीडलँडर यांनी १९६० च्या दशकापासून अशाच दुकानांच्या काचा आणि स्वतःची रस्त्यावर पडलेली सावली घेऊन मोठं काम केलं, एरवी फोटोत स्वतःची सावली येणं ही चूक समजली जायची.

वाड्यातला उजेड

वाईजवळच्या मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात किंवा कुठल्याही चौकाच्या वाड्यात थेट ऊन कमी आणि वरून झिरपलेला उजेड जास्त. भिंती, फरशी, आकाश यांच्यावर आपटून आलेला हा उजेड चेहऱ्यासाठी फार चांगला असतो, डोळ्याखाली काळं येत नाही. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो' या सिनेमात बनारसच्या घराच्या चौकाचा सेट स्टुडिओत उभारला तेव्हा कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला, चौकातला खरा उजेड असाच असतो हे त्यांनी हेरलं होतं. घरी करायचं तर ओसरीच्या कडेला, उंबऱ्याच्या आत दोन पावलं बसवायचं आणि समोर अंगणात ऊन असू द्यायचं. कोकणात कौलांमधे एखादं काचेचं कौल बसवतात, चुलीच्या धुरात त्यातून आलेला उजेडाचा खांब अक्षरशः दिसतो, कारण धुराचे कण तो आपल्या डोळ्यापर्यंत पोचवतात.

मोबाईलवर काढताना

मोबाईल सावली उजळायला बघतो. एचडीआर (उजळ आणि गडद दोन्ही भाग एकाच फोटोत दाखवायची मोबाईलची सोय) अंधार उपसून काढतं आणि ज्या काळोखामुळे तिरीप तिरीप वाटत होती तोच जातो. म्हणून उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) लॉक करायचं आणि खाली ओढायचं, उन्हातला तपशील राहिला पाहिजे, सावली काळी पडली तर पडू दे. ऑटो व्हाइट बॅलन्सही (उजेडाचा पिवळा-निळा रंग आपोआप सावरणारी सेटिंग) संध्याकाळचा पिवळेपणा दुरुस्त करून टाकतो, प्रो मोडमध्ये तो डेलाइटवर ठेवला की उन्हं जशी होती तशी राहतात.

रात्रीचा भाग वेगळाच. अनेक गावांत गेल्या दहा-बारा वर्षांत सोडियमचे पिवळे दिवे जाऊन एलईडी आले. सोडियमच्या उजेडात पावसानं भिजलेला रस्ता सगळाच्या सगळा एका पिवळ्या रंगाचा दिसायचा, लाल गाडी आणि हिरवी गाडी रात्री सारख्याच तपकिरी. आता पांढरा उजेड, रंग ओळखू येतात, आणि दिव्यात बारीक बारीक एलईडी सुटे असतील तर भिंतीवर एकाच फांदीच्या शेजारी शेजारी पाच-सहा सावल्या पडतात. कुणाकडे पेठेतल्या रस्त्याचे जुने पिवळे फोटो असतील तर जपून ठेवावेत, आणि आताच्या या पाच-सहा सावल्यांचेही काढून ठेवावेत.