लिनक्स कन्सोलचा स्क्रोलबॅक: पार्श्वभूमी

लिनक्सच्या कन्सोलवर, म्हणजे फक्त मजकुराच्या पडद्यावर, शिफ्ट-पेजअप दाबलं की वर निघून गेलेल्या ओळी परत दिसायच्या. हाच स्क्रोलबॅक. लिनक्सला ही सोय मुळात हार्डवेअरकडून जवळजवळ फुकट मिळाली होती. व्हीजीए या ग्राफिक्स कार्डाच्या टेक्स्ट मोडची मेमरी ३२ केबी. ८० बाय २५ च्या पडद्याला, दर खान्यामागे दोन बाइट (एक अक्षराचा, एक रंगाचा) धरून, ४००० बाइट लागतात. म्हणजे आठ पडदे मावतात. पडदा मेमरीत कुठून सुरू होतो तो पत्ता कार्डाच्या दोन रजिस्टरांत असतो. तो बदलला की पडदा सरकतो, ओळी कॉपी कराव्या लागत नाहीत. मात्र ऑल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर गेलात की त्याच मेमरीवर नवा मजकूर चढतो आणि मागचं सगळं जातं.

त्यावर उपाय म्हणून कर्नलच्या मेमरीत वेगळा बफर आला. फ्रेमबफर कन्सोल (अक्षरं पिक्सेलनी रंगवणारा), म्हणजे एफबीकॉन, यात तो मुळात ३२ केबीचा होता. व्हीजीएकॉनमध्ये (व्हीजीए टेक्स्ट मोडवर चालणारा कन्सोल) तो २००६ मध्ये आला, ६४ केबीचा. पुढे प्रत्येक कन्सोलला स्वतंत्र बफर ठेवायची सोयही झाली.

घोळ झाला तो पडद्याचा आकार बदलताना. व्हीजीएकॉन बफरचा आकार ओळीच्या पटीत ठरवायचा: ८० स्तंभांची ओळ १६० बाइटची, ६४ केबीत अशा ४०९ ओळी, एकूण ६५,४४० बाइट. आता १०० स्तंभ करा. ओळ झाली २०० बाइटची. शून्यापासून ३२७ ओळी भरल्यावर शेपूट, म्हणजे पुढची ओळ लिहायची जागा, ६५,४०० वर येतं. ते ६५,४४० च्या आत आहे, म्हणून कोड पुढची ओळ तिथेच लिहितो आणि ६४ केबीची हद्द ओलांडून ६४ बाइट पलीकडे जातो. पुढच्या ओळीला जागा आहे का, ही तपासणी लिहिण्याआधी नव्हतीच. सीव्हीई-२०२०-१४३३१ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षा त्रुटी ती हीच. एफबीकॉनमध्येही आकार बदलतानाच हद्द ओलांडली जात होती, ती सीव्हीई-२०२०-१४३९०.

सप्टेंबर २०२० मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने दोन्ही ठिकाणचा सॉफ्टवेअर स्क्रोलबॅक काढूनच टाकला. कोणी सांभाळत नाही, बहुधा कोणी वापरतही नाही, असा त्याचा मुद्दा. खरंच वापरणारा आणि सांभाळणारा मिळाला तर परत आणू, हेही त्याने लिहिलं. कर्नल ५.९ पासून तो कोड नाही, दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या जुन्या स्टेबल मालिकांतूनही गेला. पहिला मुद्दा रास्त होता. ‘कोणी वापरत नाही’ हे मात्र सर्व्हरसमोर बसून बूटचे संदेश वाचणाऱ्यांना पटण्यासारखं नव्हतं. व्हीजीएकॉनचं हार्डवेअर स्क्रोलिंग टिकलं, पण यूईएफआयवर (जुन्या बायोसची जागा घेतलेलं फर्मवेअर) बूट होणाऱ्या मशीनवर व्हीजीएकॉन नसतो, एफबीकॉन असतो.

परत आणायचं तर पहिला विचार व्हीटी (व्हर्च्युअल टर्मिनल) नोटिफायरचा, म्हणजे कन्सोलवर काही लिहिलं गेलं की कळवणाऱ्या सोयीचा येतो, कारण तो मॉड्यूलमधून, कर्नलला वरून जोडायच्या तुकड्यातून, जोडता येतो. पण नव्या ओळीची सूचना येते ती पडदा सरकून झाल्यावर. तोवर वरची ओळ गेलेली असते. योग्य जागा म्हणजे ड्रायव्हरच्या ‘कॉनएसडब्ल्यू’ रचनेतलं कॉन-स्क्रोल, म्हणजे पडदा सरकवणारं फंक्शन. सरकणारा भाग पूर्ण पडद्याचा असेल आणि दिशा वरची असेल तेव्हाच ओळी उचलायच्या, नाहीतर एडिटर आपल्या खिडकीपुरता मजकूर सरकवतो तोही इतिहासात घुसतो. समोर नसलेल्या कन्सोलसाठी कर्नल कॉन-स्क्रोल बोलावतच नाही, त्यामुळे मागे चाललेल्या कामाच्या ओळी हव्या असतील तर व्हीटीच्या गाभ्यातच हात घालावा लागतो.

प्रिंटके (कर्नलचे संदेश छापणारं फंक्शन) इथे कुठूनही येऊ शकतो, म्हणून सरकताना मेमरी मागायची नाही. बफर आधीच घ्यायचा. १९२० पिक्सेलच्या पडद्यावर ८ पिक्सेलच्या फॉन्टने २४० स्तंभ होतात, ओळ ४८० बाइटची. जुन्या ६४ केबीत अशा १३६ ओळी, म्हणजे जेमतेम दोन पडदे. हजार ओळींना सुमारे ४६९ केबी, तेही दर कन्सोलमागे. ओळीसोबत तिची लांबी साठवा. आकार बदलल्यावर जुळवणी जमत नसेल तर बफर सरळ रिकामा करा. खान्यात खरं तर अक्षर नसतं, फॉन्टमधल्या चित्राचा क्रमांक असतो, त्यामुळे मध्येच सेटफॉन्ट (फॉन्ट बदलणारा आदेश) चालवला तर जुन्या ओळी भलत्याच दिसतात. आणि एस्केप-[-३-जे हा पुसण्याच्या आदेशाचा क्रम आला की इतिहास पुसला गेलाच पाहिजे, नाहीतर लॉगआउटनंतर पुढच्या माणसाला आधीच्याचा मजकूर शिफ्ट-पेजअपवर मिळतो.