खुलासा: शेंगेनचे 90 दिवस नेमके कुठले मोजायचे?

जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: शेंगेन क्षेत्रात (म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, म्हणून सत्र सुरू होऊन तीन महिने झाले की वीकेंडच्या सहली बंद! हे चूक आहे.

ज्या देशाने निवासाचा परवाना किंवा डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) दिला, तिथला मुक्काम या हिशोबात येतच नाही. मोजायचे ते फक्त इतर शेंगेन देशांतले दिवस. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरतात. शुक्रवारी रात्री अकराला प्रागला उतरून रविवारी परतलात, तर तीन दिवस गेले. तरीही 26 वीकेंडचे 78च होतात. खिडकी मात्र सरकती असते: ज्या दिवशी मोजाल, त्यासह मागचे 180 दिवस. एक जानेवारीला काही शून्यापासून सुरुवात होत नाही.

खरी फजिती वेगळीच होते. ‘युरोप’ आणि ‘शेंगेन’ एक समजून डब्लिनचं तिकीट काढलं जातं. आयर्लंड युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंडचं नेमकं उलट. लंडनसाठीही वेगळा व्हिसा लागतो.

आणि मूळ पासपोर्ट व परवान्याचं कार्ड जवळ हवंच. जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली. गाडीत पोलीस आले, तर मोबाइलमधला फोटो चालत नाही.